कलनशास्त्र : प्रवेशाची चाळणी की बदल वाचण्याची भाषा?

अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी बारावीला गणित असलेच पाहिजे काय, हा प्रश्न मार्च २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनेच उपस्थित केला. परिषदेच्या २०२१-२२च्या नियमपुस्तिकेत १४ विषयांची यादी देण्यात आली होती आणि त्यांपैकी कोणतेही तीन विषय घेऊन बारावी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पदवी अभ्यासक्रमास पात्र ठरेल, असे म्हटले होते. भौतिकशास्त्र आणि गणित यांच्या जोडीला त्या यादीत जीवशास्त्र, कृषी, व्यवसाय अभ्यास, उद्योजकता असेही विषय होते. ज्यांचे गणित राहून गेले असेल त्यांच्यासाठी विद्यापीठांनी पूरक अभ्यासक्रम चालवावेत, अशी तजवीजही त्यात होती. अपेक्षेप्रमाणे देशभरातील प्राध्यापकांनी टीकेची झोड उठवली. ही सवलत राज्यांवर वा संस्थांवर बंधनकारक नाही आणि मूळ अभियांत्रिकी शाखांसाठी गणिताचे महत्त्व अबाधित आहे, असा खुलासा परिषदेला करावा लागला. पुढील वर्षी ही सवलत वास्तुकला, पॅकेजिंग तंत्रज्ञान यांसारख्या मोजक्या शाखांपुरती उरली आणि वाद निवला.

वाद निवला, तरी त्यातून उघड झालेली एक गोष्ट दुर्लक्षितच राहिली. गणित सक्तीचे ठेवा म्हणणारे आणि ऐच्छिक करा म्हणणारे, या दोन्ही पक्षांनी गणिताकडे प्रवेशद्वारावरील चाळणी म्हणूनच पाहिले. चाळणी बारीक असावी की जाड, एवढ्यापुरताच मतभेद होता. अकरावी-बारावीच्या गणितात ही चाळणी मुख्यत्वे कॅल्क्युलसची, म्हणजे कलनशास्त्राची असते. जो विषय बदलाचा वेग आणि बदलाची बेरीज मोजायला शिकवतो, त्याचा आपल्या शिक्षणव्यवस्थेने केवळ गुणवत्ता यादी लावण्यासाठी उपयोग करून घेतला. त्याची किंमत अभियंत्यांइतकीच अभियंता न होणाऱ्या बहुसंख्यांनाही मोजावी लागते आहे.

पुस्तकात सहा प्रकरणे, समजुतीत एकही नाही

राज्य मंडळाचे बारावीचे सध्याचे पाठ्यपुस्तक २०२० मध्ये आले. कला व विज्ञान शाखांसाठीच्या गणिताच्या दुसऱ्या भागात आठ प्रकरणे आहेत. त्यांपैकी सहा, म्हणजे अवकलन, अवकलजांचे उपयोग, अनिश्चित व निश्चित समाकलन, समाकलनाचे उपयोग आणि अवकल समीकरणे, ही थेट कलनशास्त्राची आहेत. वाणिज्य शाखेच्या गणिताच्या पहिल्या भागातही आठपैकी सहा प्रकरणे याच विषयाची आहेत. तेथे मागणीची लवचिकता, सीमांत खर्च, सीमांत महसूल असे व्यवहाराशी जोडलेले उपयोगही दिलेले आहेत. तेव्हा अभ्यासक्रमात कलनशास्त्राला जागा नाही, किंवा पुस्तकात उपयोजन नाही, अशी तक्रार करता येणार नाही.

अडचण पुढे आहे. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत गणिताच्या ५० प्रश्नांसाठी ९० मिनिटे मिळतात. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी १०८ सेकंद. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, चुकीच्या उत्तराला दंड नाही. अभियांत्रिकीचा प्रवेश या परीक्षेतील पर्सेंटाइलवर ठरतो. बारावीचे गुण केवळ किमान पात्रतेपुरते लागतात. अशा वेळी विद्यार्थी काय शिकेल, हे परीक्षाच ठरवते. समाकलनाचा प्रश्न आला की समाकलन करण्याच्या भानगडीत न पडता चारही पर्यायांचे अवकलन करून पाहावे आणि जो मूळ राशीशी जुळेल तो निवडावा, ही युक्ती शिकवणी वर्गांत सर्रास सांगितली जाते. गंमत अशी की, अवकलन आणि समाकलन या परस्परांच्या उलट क्रिया आहेत, हा कलनशास्त्राचा मूलभूत सिद्धांतच या युक्तीच्या मुळाशी आहे. मानवी बुद्धीच्या थोर शोधांपैकी एक असलेला हा सिद्धांत आपल्या विद्यार्थ्याच्या हाती येतो तो पर्याय खोडण्याची क्लृप्ती म्हणून. तो बरोबर उत्तर देतो, परंतु आपण काय केले हे त्याला सांगता येत नाही.

मंडळाच्या परीक्षेत ८० गुणांच्या लेखी उत्तरपत्रिकेखेरीज २० गुण प्रात्यक्षिकांसाठी राखून ठेवलेले आहेत. गणिताला प्रात्यक्षिक असावे, ही कल्पना उत्तम होय. मात्र बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ ठरावीक उदाहरणे प्रयोगवहीत उतरवून काढणे एवढाच उरला आहे. महाविद्यालयात नाव आणि शिक्षण मात्र शिकवणी वर्गात, हा प्रकार इतका बोकाळला की, २०१८ मध्ये राज्य शासनाला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. जो विद्यार्थी वर्गातच नाही, त्याच्याकडून प्रात्यक्षिक कोण आणि कसे करून घेणार?

विसर्ग आणि साठा

कलनशास्त्र प्रत्यक्षात कोठे असते, हे पाहायचे तर पावसाळ्यातील कोणतेही मराठी वृत्तपत्र उघडावे. कोयनेत इतके टीएमसी पाणीसाठा, इतके क्युसेक आवक, वक्र दरवाजे इतके फूट उचलून इतके क्युसेक विसर्ग, अशी चौकट रोज छापली जाते. कराड, सांगली, कोल्हापूरकडील वाचक ती बाजारभावाच्या आधी वाचतात. या चौकटीत कलनशास्त्राच्या दोन्ही मूळ कल्पना शेजारी-शेजारी बसलेल्या असतात. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, हा वेग झाला. टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट, हा साठा झाला. वेगाची कालावधीवर बेरीज केली की साठ्यातील बदल मिळतो, हेच समाकलन. साठा क्षणोक्षणी कोणत्या गतीने बदलतो आहे हे काढले की वेग मिळतो, हेच अवकलन.

आकडेमोड साधी आहे. एका दिवसाचे ८६,४०० सेकंद. एक लाख क्युसेकचा प्रवाह अखंड २४ तास राहिला, तर ८.६४ टीएमसी पाणी वाहते. १०५.२५ टीएमसी क्षमतेच्या कोयना जलाशयात समजा आवक एक लाख क्युसेक आणि विसर्ग ५० हजार क्युसेक आहे, तर साठा दिवसाला ४.३२ टीएमसीने चढेल. दुसऱ्या दिवशी पाऊस ओसरून आवक ७० हजारांवर आली, विसर्ग तेवढाच राहिला, तरी साठा सुमारे पावणेदोन टीएमसीने वाढेलच. पाऊस कमी झाला म्हणून धरणातील पाणी उतरू लागत नाही. आवक विसर्गाइतकी होईल त्या क्षणी साठा सर्वाधिक असेल आणि आवक त्याखाली गेल्यावरच पातळी घटू लागेल. बारावीच्या पुस्तकात हेच वाक्य ‘अवकलज शून्य असेल तेथे फलाची महत्तम किंमत असू शकते’ अशा रूपात येते. विद्यार्थी ते पाठ करतो, परंतु त्याचा आणि धरणाच्या दरवाजांचा काही संबंध असेल, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

प्रत्यक्षात आवक आणि विसर्ग तासातासाला बदलतात. म्हणून नुसता गुणाकार पुरत नाही. प्रत्येक तासाच्या प्रवाहाचे छोटे-छोटे गुणाकार करून त्यांची बेरीज घ्यावी लागते. काळाचे तुकडे जितके लहान, तितके उत्तर अचूक. आलेखावर पाहिले तर हे वक्राखालील क्षेत्रफळ होय. न्यूटन आणि लायबनिट्झ यांनी सतराव्या शतकात जी पद्धत सिद्ध केली, तिचा गाभा एवढाच आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी सुमारे ५७ फुटांवर गेली. तेथील इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. त्या महापुरानंतर विसर्ग आधी का सोडला नाही, एकदम का सोडला, वरच्या व खालच्या धरणांचा मेळ का घातला नाही, यावर मोठा जाहीर वाद झाला. हा वाद करण्याचा पूरग्रस्तांना पूर्ण हक्क होता. परंतु त्या वादात वेग आणि साठा यांची सरमिसळ वारंवार झाली. विसर्ग वाढवल्यानंतर खालच्या गावी पाणी किती तासांनी आणि किती चढेल, ऐन मोसमात जलाशयात किती जागा मोकळी ठेवावी, आज थोडे अधिक सोडल्याने परवाचे शिखर किती खाली येईल, हे प्रश्न आवक-जावकीच्या गणिताचे आहेत. ते गणित जलसंपदा विभागाच्या अभियंत्यांकडे असते, नागरिकांकडे नसते. साहजिकच एका बाजूला ‘आम्हाला कळते’ आणि दुसऱ्या बाजूला ‘तुम्ही लपवता’, अशी कोंडी होते. जाब विचारायचा असेल तर प्रश्न नेमका विचारता आला पाहिजे. त्यासाठी नदीकाठच्या गावातील बारावी झालेल्या तरुणाला सूत्रे पाठ असण्यापेक्षा ती रोजची चौकट नीट वाचता येणे अधिक गरजेचे आहे.

घटली म्हणजे काय घटले?

दराची आणि राशीची हीच गल्लत अर्थकारणाच्या बातम्यांत नित्य दिसते. एप्रिल २०२२ मध्ये देशातील किरकोळ महागाईचा दर ७.७९ टक्के होता. मे महिन्यात तो ७.०४ टक्क्यांवर आला. ‘महागाई घटली’ असे मथळे आले आणि बाजारात तर काहीच स्वस्त झालेले नाही, असा त्रागा गृहिणींनी केला. आकडाही खरा होता आणि त्रागाही खरा होता. महागाईचा दर हा किमतींच्या वाढीचा वेग असतो. वेग कमी झाला तरी गाडी पुढेच जात असते. ग्राहक किंमत निर्देशांक एप्रिलपेक्षा मे महिन्यात वाढलेलाच होता. किमती हे फल, महागाई हा त्याच्या वाढीचा दर, आणि महागाईतील घट हा त्या दरातील बदल, अशा तीन पायऱ्या येथे आहेत. सत्ताधारी तिसऱ्या पायरीवरून बोलतात आणि मतदार पहिल्या पायरीवर उभा असतो. दोघे एकमेकांना खोटे ठरवत राहतात.

लोकसंख्येबाबतही तेच. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा एकूण जननदर २.० इतका, म्हणजे लोकसंख्या स्थिर राखण्यास लागणाऱ्या २.१ या पातळीच्याही खाली आला. तरीही २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार भारताने चीनला मागे टाकले आणि लोकसंख्या अद्याप वाढतेच आहे. आधीच्या पिढ्या मोठ्या असल्याने आज अपत्यवयात असलेल्यांची संख्या अधिक आहे. वाढीचा वेग मंदावल्यानंतरही वाढ काही दशके चालू राहते. हे ज्याला उमगत नाही, त्याला यातील एक आकडा खोटा वाटू लागतो आणि अशा संशयावर राजकारण फोफावते.

करोनाच्या साथीत तर साऱ्या देशाची याच विषयात परीक्षा झाली. रुग्ण दुपटीचा कालावधी, वक्र सपाट करणे, संसर्गाचा दर हे शब्द २०२० आणि २०२१ मध्ये घरोघरी पोहोचले. रोजची वाढ सात टक्के असेल तर सुमारे दहा दिवसांत रुग्ण दुप्पट होतात. हाच वेग टिकला तर एक हजाराचे महिन्यात आठ हजार आणि दोन महिन्यांत ६४ हजार होतात. जी राशी आपल्या आकाराच्या प्रमाणात वाढते ती आधी क्षुल्लक आणि मग अकस्मात अक्राळविक्राळ भासते. हे अवकल समीकरणांच्या प्रकरणातील पहिलेच उदाहरण आहे. लाखो सुशिक्षितांनी ते एकेकाळी सोडवलेले होते. तरीही ‘आपल्या जिल्ह्यात तर शंभरच रुग्ण आहेत’ हा दिलासा अनेकांना पुरेसा वाटला.

घरच्या वीजबिलातही हीच कथा. घरगुती वापराचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. शंभराच्या पुढचे युनिट महाग पडते, तेव्हा सगळीच युनिटे महाग झाली असे अनेकजण समजतात. वस्तुतः वाढीव दर त्या टप्प्यापुढील युनिटांनाच लागतो. सरासरी दर आणि पुढच्या एका युनिटाचा दर, म्हणजे सीमांत दर, यांतील हा फरक आहे. कांद्याची आणखी एक गाडी बाजार समितीत पाठवावी का, दुकानात आणखी एक कामगार ठेवावा का, असे निर्णय सरासरीवर घेतले की फसतात. शेतकरी आणि व्यापारी हा हिशेब अनुभवाने करतातच. शिक्षणाने त्या अनुभवाला भाषा द्यायची असते.

कॅमेऱ्याला कळलेले प्रमेय

बारावीच्या पुस्तकात लाग्रांज या गणितज्ञाचे मध्यमूल्य प्रमेय आहे. परीक्षेत त्यावर ठरावीक साच्याचा प्रश्न येतो आणि त्याचा उपयोग काय, असे विचारले तर वर्गात शांतता पसरते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बसविण्यात आलेल्या वाहतूक व्यवस्थापन यंत्रणेत दोन ठिकाणांमधील सरासरी वेगावरून उल्लंघन पकडण्याची सोय आहे. मोटारगाड्यांसाठी घाटाबाहेर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. समजा, दहा किलोमीटरवरील दोन कॅमेऱ्यांमधील अंतर एखाद्या गाडीने पाच मिनिटांत कापले. सरासरी वेग ताशी १२० किलोमीटर झाला. चालक म्हणेल, मला वेगात जाताना कोणी पाहिले? मध्यमूल्य प्रमेय सांगते की, सरासरी १२० असेल तर वाटेत निदान एका क्षणी तरी गाडीचा वेग नेमका १२० होताच. कॅमेऱ्यासमोर ब्रेक दाबून आणि पुढे गेल्यावर वेग वाढवून दंड चुकविण्याचा मार्ग या प्रमेयाने बंद केला आहे. दंडाची पावती हाती आलेल्या किती पदवीधरांना त्यामागचे प्रमेय आठवले असेल?

भविष्याचा विचार केला तर ही दरी अधिक चिंताजनक वाटते. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या राष्ट्रीय मोहिमेसाठी सुमारे १० हजार ३७२ कोटी रुपये मंजूर केले. ही यंत्रे ‘शिकतात’ म्हणजे काय करतात? यंत्राच्या उत्तरातील चूक मोजली जाते, यंत्रातील प्रत्येक अंक किंचित बदलला तर ती चूक किती बदलेल हे अवकलनाने काढले जाते आणि चूक घटेल त्या दिशेने अंक थोडे सरकवले जातात. धुक्यात डोंगर उतरणारा माणूस पायाखालचा उतार चाचपीत पाऊल टाकतो, तसेच हे. असे अब्जावधी अंक एका वेळी सरकवता येतात ते संयुक्त फलांच्या अवकलनाच्या नियमामुळे. रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांनी १९८६ मध्ये बहुस्तरीय जालांसाठी ही पद्धत प्रभावीपणे मांडली. त्यांपैकी हिंटन यांना, जालांवरील त्यांच्या पायाभूत कार्यासाठी, २०२४ मध्ये भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. हा नियम राज्य मंडळाच्या बारावीच्या अवकलनाच्या प्रकरणातच आहे. ज्या राज्यात जागोजागी कृत्रिम बुद्धिमत्तेचे वर्ग निघत आहेत, तेथे या नियमाचा अर्थ शिकवणारे वर्ग मात्र दुर्मीळ असावेत, हे विपरीत आहे.

भाषेचा उंबरठा

ग्रामीण महाराष्ट्रातील विद्यार्थ्याची अडचण दुहेरी असते. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला मुलगा अकरावीला विज्ञान शाखेत जातो तेव्हा अध्यापनाची भाषा बहुतेक ठिकाणी इंग्रजी होते. नेमक्या त्याच वर्षी सीमा, सातत्य, अवकलन या सर्वस्वी नव्या कल्पना त्याच्यापुढे येतात. लिमिट म्हणजे मर्यादा नव्हे, तर ज्या किमतीच्या हवे तितके जवळ जाता येते ती किंमत, हे त्याला ना इंग्रजीत नीट कळते, ना मराठीत कोणी सांगते. गणित कठीण गेले की भाषा कठीण गेली, याचा छडाच लागत नाही. तो ‘आपल्याला गणित जमत नाही’ असा निष्कर्ष काढतो आणि तो निष्कर्ष जन्मभर बाळगतो.

ही भाषा आपल्याकडे कधी नव्हतीच, असे मात्र नाही. ‘दर्पण’काढून मराठी पत्रकारितेचा पाया घालणारे बाळशास्त्री जांभेकर हे एल्फिन्स्टन संस्थेत गणिताचे अध्यापन करीत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी अवकलनावर मराठीत पुस्तक लिहिले आणि त्या विषयाला ‘शून्यलब्धी’ असा अर्थवाही शब्द योजला. त्याच्याही मागे गेले तर भास्कराचार्यांनी ११५०च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त ग्रहाच्या तात्कालिक गतीचा विचार केलेला आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद असलेला शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. केरळात माधवाच्या परंपरेने अनंत श्रेढींचे जे गणित विकसित केले, ते ज्येष्ठदेवाने सोळाव्या शतकात ‘युक्तिभाषा’ या ग्रंथात सिद्धतांसह मांडले, आणि तेही संस्कृतात नव्हे तर लोकांच्या मल्याळम भाषेत. सगळे आपल्याकडेच शोधले गेले, अशी बढाई मारण्यासाठी ही उदाहरणे नाहीत. कठीण गणित देशी भाषेत समजावता येते, एवढेच ती सिद्ध करतात.

२०२१ पासून भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास परवानगी मिळाली आणि पिंपरी-चिंचवडमधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने मराठीतून संगणक अभियांत्रिकीचा वर्गही सुरू केला. उपक्रम स्वागतार्ह आहे, परंतु भाषेचा खरा अडथळा त्याच्या दोन वर्षे आधी, अकरावीत असतो. तेथे संपूर्ण माध्यम बदलण्याची गरज नाही. डेरिव्हेटिव्ह हा शब्द तसाच राहू द्यावा. मात्र तो म्हणजे ‘या क्षणीचा बदलाचा दर’ हे शिक्षकाने मराठीत, धरणाचे किंवा एसटीच्या वेगकाट्याचे उदाहरण घेऊन सांगावे. परीक्षेची भाषा आणि समजण्याची भाषा वेगळ्या असू शकतात.

सर्वांना कशाला?

येथे एक आक्षेप येईल. डॉक्टर, वकील, शिक्षक, पत्रकार यांना आयुष्यात कधी समाकलन करावे लागत नाही, मग सगळ्यांवर हे ओझे कशासाठी? आक्षेपात तथ्य आहे. त्रिकोणमितीय फलांची किचकट समाकलने सर्वांनी सोडवावीत, असे कोणी म्हणत नाही. तेवढ्यासाठी संगणक आहेतच. परंतु अवकलन करता येणे वेगळे आणि दर म्हणजे काय हे समजणे वेगळे. वैद्यकीय प्रवेशासाठीच्या ‘नीट’ परीक्षेत गणित नाही. जीवशास्त्राच्या वाटेने जाणारा विद्यार्थी बहुधा अकरावीतच गणित सोडतो. पुढे तोच डॉक्टर औषधाची मात्रा ठरवतो, तेव्हा रक्तातील औषध कोणत्या दराने घटते, दोन मात्रांमध्ये किती तास असावेत, मूत्रपिंड दुबळे असेल तर शरीरात किती औषध साठत जाईल, हे प्रश्न पुन्हा आवक-जावकीचेच असतात. जलाशय आणि शरीर यांचे गणित एकच आहे. ते तो नियमावलीवरून करतो आणि बहुधा बरोबर करतो. नियमावलीत नसलेला रुग्ण समोर आला की समजुतीची गरज लागते.

दुसरा आक्षेप परीक्षेबाबतचा. लाखो विद्यार्थ्यांची निवड निःपक्षपातीपणे करायची तर बहुपर्यायी प्रश्नांना पर्याय नाही, असे सांगितले जाते. यातही तथ्य आहे. दीर्घ उत्तरांच्या तपासणीत होणारे घोळ महाराष्ट्राने पुरेसे पाहिले आहेत. मात्र बहुपर्यायी प्रश्न म्हणजे केवळ सूत्राचाच प्रश्न, असे समीकरण कोणी ठरवले? आवक आणि विसर्ग यांचे दोन आलेख देऊन साठा कोणत्या वेळी सर्वाधिक असेल, असे विचारता येते आणि त्यालाही चार पर्याय देता येतात. त्यात पर्यायांचे अवकलन करून सुटका होत नाही. विचार करावाच लागतो. दरवर्षी ५० पैकी आठ-दहा प्रश्न असे आले, तर दोन-तीन वर्षांत शिकवणी वर्गही तेच शिकवू लागतील. बाजाराला परीक्षेची दिशा सर्वांत आधी कळते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कला, वाणिज्य, विज्ञान यांमधील भिंती पाडण्याचे सूत्र मांडले आहे. राज्याच्या २०२४ मधील अभ्यासक्रम आराखड्यात, दहावीला गणित वा विज्ञानात अनुत्तीर्ण पण किमान २० गुण मिळवलेल्यांना, पुढे हे विषय न घेण्याच्या अटीवर, अकरावीचा मार्ग मोकळा करण्याचा विचार पुढे आला. कोणाचेही शिक्षण एका विषयामुळे थांबू नये, हा हेतू योग्यच. परंतु भिंत पाडणे आणि भिंतीपलीकडे न जाण्याची मुभा देणे, यांत अंतर आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही दर, साठा, वाढीचा वेग आणि सीमांत बदल शिकविणारा वीस-पंचवीस तासांचा, सूत्रांचा बडेजाव नसलेला भाग अकरावीत देता येईल. त्यासाठी नवे प्राध्यापक लागत नाहीत, वृत्तपत्राची कात्रणे आणि आलेखवही पुरते. विज्ञान शाखेतील प्रात्यक्षिकाच्या २० गुणांसाठी आपल्या तालुक्यातील धरणाची महिनाभराची आवक-जावक नोंदवून साठ्याचा आलेख काढणे हे काम सक्तीचे करावे. ज्या तालुक्यात धरण नाही तेथे टँकरच्या फेऱ्यांचा हिशेब आहेच. हे काम प्रत्येकाचे वेगळे असल्याने उतरवून काढता येत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा.

अर्थात शिक्षक हे सारे करील का, हा प्रश्न उरतोच. ज्याला वर्गात विद्यार्थीच मिळत नाहीत, त्याच्याकडून नवनव्या उदाहरणांची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. म्हणूनच पहिली दुरुस्ती परीक्षेत व्हावी, दुसरी प्रात्यक्षिकात आणि मग अभ्यासक्रमात. आजवर आपण हा क्रम नेमका उलटा ठेवला. पुस्तके दर दहा वर्षांनी बदलली, प्रश्नांचा साचा मात्र तोच राहिला.

गणित सक्तीचे की ऐच्छिक, हा वाद पुन्हा कधी तरी उफाळेल. तेव्हा प्रवेशाच्या जागा आणि पात्रतेचे टक्के यांच्यापलीकडे जाऊन एक प्रश्न विचारला गेला पाहिजे. येत्या पावसाळ्यात नदीकाठच्या गावात कोयनेच्या विसर्गाचा आकडा पोहोचेल, तेव्हा घरातील सामान हलवायला आपल्या हाती किती तास आहेत, याचा अंदाज तेथील किती मुलांना करता येईल? सहा प्रकरणे शिकवूनही या प्रश्नाचे उत्तर आश्वासक नसेल, तर दोष गणिताच्या काठिण्याचा नसून आपण ते ज्या कामाला जुंपले त्याचा आहे, असेच म्हणावे लागेल.